वीरा साथीदार अभिनय करत होते

‘कोर्ट’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मित्रांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या होत्या. पहिली, ‘नारायण कांबळे झालेला माणूस अभिनय करतच नाही.’ दुसरी, जरा मिजाशीत, ‘आपल्या नागपूरचा आहे बे हा!’ दोन्ही ओळी मला कौतुकाच्याच वाटल्या होत्या.

१३ एप्रिल २०२१ला वीरा साथीदार करोनाने गेले. नागपुरातच. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. तेव्हा शहरात रोज इतक्या जणांच्या जाण्याच्या बातम्या येत होत्या की एका माणसापाशी थांबायलाही उसंत नव्हती. रात्री मोबाइलवर ‘कोर्ट’ पुन्हा लावला. पाहता पाहता माझी पहिली ओळ मलाच खटकायला लागली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला चित्रपट. २०१४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘ओरिझॉन्ती’ विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ऑस्करसाठी भारताकडून गेला. गोष्ट मुंबईतली आहे. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. त्यांचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप त्यांच्यावर येतो. पुढे तारखा, तारखा आणि तारखा.

साथीदार नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. म्हणून लिहिणाऱ्यांनी सरसकट लिहिलं की हा माणूस पडद्यावर स्वतःच आहे. मीही तेच लिहिलं. या वाक्यात कौतुक असतं हे खरं, पण ते कौतुक माणसाला मिळतं आणि त्याचं काम त्यातून वगळलं जातं.

डॅनियल डे-लुईसचं उदाहरण घ्या. ‘माय लेफ्ट फूट’ या १९८९च्या चित्रपटात त्याने सेरेब्रल पाल्सी असलेल्या ख्रिस्ती ब्राउनची भूमिका केली. चित्रीकरणाच्या काळात तो कॅमेरा बंद असतानाही व्हीलचेअरमधून उठत नसे, हा किस्सा सिनेमाच्या वर्गात अजून सांगतात. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची तीन ऑस्कर मिळवणारा तो एकमेव पुरुष. परकं आयुष्य काही महिने अंगावर घेतलं की आपण त्याला साधना म्हणतो. तेच आयुष्य कुणी तीस-चाळीस वर्षं जगून कॅमेऱ्यासमोर आला, तर म्हणतो, त्यात काय, तो तसाच आहे. डे-लुईस थोर नट आहेच. पण वस्तीत वाढलेल्या नटाचं काम मोजताना आपली फूटपट्टी बदलते, एवढंच मला म्हणायचंय.

आता चित्रपटाकडे या. कांबळे आपल्याला दोन जागी नीट दिसतात, मंचावर आणि कोर्टात. मंचावर त्यांचं अख्खं शरीर गातं. आवाज पुढे फेकलेला, नजर गर्दीवर. गाणी संभाजी भगत यांची आहेत, त्यामुळे धार आधीपासूनच आहे. पण कोर्टात तोच माणूस जवळजवळ विझवलेला दिसतो. आवाज खाली, उत्तरं तोकडी. कॅमेरा लांब आणि स्थिर. चेहरा जवळून दाखवून तो नटाला मदत करत नाही.

इथेच अभिनय आहे. सभा गाजवायची सवय असलेल्या माणसाला असा पिंजरा मिळाला की पहिला मोह भाषणाचा होतो. आपल्या सिनेमात कोर्टाचा सीन असतोच त्यासाठी. साथीदार भाषण करत नाहीत. आत्महत्येचं असं गाणं कधी लिहिलंय का, असं विचारल्यावर अजून तरी नाही, अशा अर्थाचं उत्तर ते सरळ चेहऱ्याने देतात. त्यात विनोद आहे, उर्मटपणा आहे आणि खूप थकवाही आहे. तिन्हींपैकी कशावरही ते जोर देत नाहीत. हे आपोआप होत नाही, धरून ठेवावं लागतं.

चित्रपट त्यांना फारशी मदतही करत नाही. बचावाच्या वकिलासोबत कॅमेरा सुपरमार्केटात जातो, सरकारी वकील बाईंच्या घरी स्वयंपाकघरात शिरतो, न्यायाधीशांसोबत सुट्टीवरही जातो. कांबळे मात्र सुरुवातीला मुलांची शिकवणी घेताना दिसतात तेवढेच. पुढे जामिनावर सुटून ते पुन्हा अटकेत जातात, पण त्यांचा तुरुंग आपल्याला दिसत नाही. तो प्रत्येक तारखेला त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचा. प्रमुख पात्र आणि पडद्यावर वेळ इतका कमी, तरी चित्रपट संपल्यावर तेच सोबत राहतात.

कुणी म्हणेल, अनुभव होता म्हणून जमलं. होताच. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना २०११मध्ये अटक झाली आणि २०१४मध्ये, म्हणजे ‘कोर्ट’ व्हेनिसला पोचला त्याच वर्षी, कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. मधली तीनेक वर्षं तुरुंगात गेली. खटला हीच शिक्षा कशी होते, हे साथीदारांना पटकथेतून समजून घ्यायची गरज नव्हती. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते दहाव्या टेकलाही तितकंच मोजून देणं वेगळं. दीक्षाभूमीवर दर वर्षी मी कितीतरी शाहीर ऐकतो. त्यांतल्या प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर असं गप्प राहता येईल, असं मला वाटत नाही. मला तर नाहीच येणार.

‘स्वतःलाच साकारलं’ या वाक्याचा परिणाम पुढच्या कामावर होतो, म्हणून ते मला जास्त टोचतं. नट म्हटलं की त्याला न्यायाधीशाची, प्राध्यापकाची, प्रेमात पडलेल्या म्हाताऱ्याची भूमिका द्यावीशी वाटते. ‘स्वतःच’ म्हटलं की त्याला पुन्हा शाहीरच व्हावं लागतं. आज साथीदारांचं नाव प्रामुख्याने या एकाच भूमिकेसाठी घेतलं जातं. त्यांनी विनोदी भूमिका कशी केली असती, हे मला पाहायचं होतं.

‘कोर्ट’ पुन्हा पाहिलात तर हेडफोन लावून पाहा. मंचावरचा आवाज आणि कोर्टातला आवाज लागोपाठ ऐका. मधलं अंतर एका माणसाने, विचार करून, तयार केलंय.

ग्रुपवर मी माझी पहिली ओळ दुरुस्त केली. दुसरी तशीच ठेवली.