निळे डोळे आणि आपली 'गोरी पाहिजे'

काळ्यांच्या साहित्याचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडं परिसंवाद उभा राहत नाही. पँथरचं नावच १९७२ साली तिकडून आलं. माल्कम एक्स, रिचर्ड राईट, जेम्स बाल्डविन ही नावं पोरांच्या तोंडावर असतात. त्यांच्यातल्या बायका कोण, असं विचारलं की मात्र चहा मागवला जातो.

म्हणून हे टिपण टोनी मॉरिसनच्या 'द ब्लूएस्ट आय' या कादंबरीवर. १९७० साली निघालेली ही तिची पहिली कादंबरी. पुढं १९९३ ला नोबेल मिळालं, २०१९ ला बाई गेल्या. रात्रपाळीच्या आठवड्यांत दिवसा, डिक्शनरी उशाशी घेऊन मी ती वाचली. दीड महिना लागला. इंग्रजी अवघड म्हणून लागला तेवढाच पुस्तक खाली ठेवावं लागायचं म्हणूनही लागला.

गोष्ट थोडक्यात अशी. ओहायो राज्यातलं लोरेन हे कारखान्यांचं गाव, साल १९४०-४१. पिकोला ब्रीडलव्ह ही अकरा वर्षांची काळी पोर. घरात दारिद्र्य, बापाची दारू, आईबापाची हाणामारी. पोरीची समजूत अशी की आपले डोळे निळे असते तर आपल्या डोळ्यांसमोर हे असलं घडलंच नसतं. रोज रात्री ती देवाकडं निळे डोळे मागते. पुढं बापच तिच्यावर बलात्कार करतो, झालेलं मूल मरतं, पोर वेडी होते आणि त्या वेडात आपल्याला निळे डोळे मिळाले असं धरून चालते.

आपला नेहमीचा टीकाकार इथंच थांबेल. 'एका काळ्या मुलीची करुण कहाणी' असं लिहून मोकळा होईल. पण खुद्द मॉरिसनला ही करुणाच नको होती. १९९३ च्या आवृत्तीला जोडलेल्या लेखात तिनं तक्रार केली की वाचक कळवळले, पण हलले नाहीत. शाळेतल्या एका काळ्या मैत्रिणीनं निळे डोळे पाहिजेत म्हटल्यावर आपल्याला राग आला होता, कादंबरीचं बी तिथलं, असंही तिनं त्यात सांगितलं आहे. कीव नाही, राग. राग यासाठी की ही मागणी पोरीच्या डोक्यात आली कुठून? कोण घालून गेलं?

कादंबरी याचा माग काढते, आणि तो भाषणानं काढत नाही. वस्तूंनी काढते. शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीचं चित्र असलेला एक कप आहे. त्या कपातून पिता यावं म्हणून पिकोला पोटात जागा नसताना घरातलं सगळं दूध संपवते. मेरी जेन नावाच्या गोळ्या आहेत, वेष्टनावर गोऱ्या पोरीचा चेहरा. त्या घ्यायला ती दुकानात जाते तर दुकानदार पैसे घेतो, पण तिच्याकडं बघत नाही. म्हणजे नजर तिच्यावर पडते, पण समोर माणूस उभं आहे हे त्या नजरेला दिसतच नाही. आणि शाळेचं पुस्तक आहे. हिरवापांढरा बंगला, हसरी आई, दणकट बाप, कुत्रं, मांजर. मॉरिसन तो धडा आधी सरळ देते, मग विरामचिन्हं काढून देते, मग शब्दांमधल्या जागाही काढून टाकते. धड्याचा गोंगाट होतो. आपल्या पाठ्यपुस्तकातली 'आई' आठवा, तिचं नाक, तिचं लुगडं, तिच्या स्वयंपाकघरातली भांडी. तसली आई आपल्या किती जणांच्या घरी होती?

माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात खोल पात्र पिकोला नाही, तिची आई पॉलीन आहे. दक्षिणेतून नवऱ्याबरोबर आलेली, एका पायानं लंगडी, परक्या गावात एकटी. दिवस गेलेले असताना ती सिनेमाच्या अंधारात जाऊन बसायला लागते. पडद्यावरच्या जीन हार्लोसारखे केस बांधून बसलेली असताना गोळी चावते आणि पुढचा दात निखळतो. तिथून बाई स्वतःला कुरूप मानून टाकते. एकदाच, कायमचं. मग पोरगी जन्मते, तीही कुरूप ठरते, कारण पडद्यावर शिकलेल्या मोजपट्टीनंच आई तिला मोजते. पॉलीन गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला असते. तिथली गोरी पोर तिला लाडानं 'पॉली' म्हणते. पोटची पोर आईला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते. एकदा पिकोलाच्या हातून तिथं गरम फळांचा पदार्थ सांडतो, तिचे पाय भाजतात. आई भाजलेल्या पोरीला मारते आणि रडणाऱ्या गोऱ्या पोरीला जवळ घेते. दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी येणाऱ्या बायकांनी हे प्रकरण वाचावं. कुणीतरी मराठीत मोठ्यानं वाचून दाखवावं.

नावांतही मेख आहे. १९३४ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ' या सिनेमात उजळ रंगाची एक काळी मुलगी आईला नाकारून गोरी म्हणून जगायला जाते. तिचं नाव पिओला. कादंबरीतली एक मुलगी पिकोलाचं नाव ऐकताच या सिनेमाची आठवण काढते. आणि काळ्या बायकांच्या केसांची औषधं विकून मोठी कंपनी उभी करणारी मॅडम सी. जे. वॉकर (१८६७-१९१९) हिचं जन्मनाव सारा ब्रीडलव्ह. हिला नुसतं 'केस सरळ करणारी' म्हणून उडवून लावू नका. ती कपडे धुणारी बाई होती, आणि धुणीभांडी करणाऱ्या हजारो काळ्या बायकांना तिनं स्वतःच्या कमाईचा धंदा दिला. बाजार असाच असतो. एका हातानं भाकरी देतो, दुसऱ्या हातानं आरसा.

कादंबरीतला काळ आणि केनेथ व मेमी क्लार्क या काळ्या नवराबायकोनं केलेल्या प्रयोगाचा काळ साधारण एकच. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फक्त रंगाचा फरक. खेळायला कुठली पाहिजे? दोनतृतीयांश पोरांनी गोरी उचलली. वाईट कुठली, असं विचारल्यावर बहुतेकांनी काळी दाखवली. तुझ्यासारखी कुठली, हा प्रश्न शेवटी यायचा. तेव्हा काही पोरं रडत बाहेर गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांमधला वेगळेपणा मोडीत काढला, त्या निकालात हा दाखला आहे. आपल्या सौंदर्यशास्त्रात संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम आहेत. मर्ढेकरांनी ते बांधून दिले. त्यात रडत बाहेर गेलेल्या पोराला कुठं बसवायचं, मला समजत नाही.

आता आपल्याकडं येऊ. इथं मात्र जरा सावध. त्यांचा वर्ण आणि आपली जात ही एकच चीज नाही. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नाकं मोजून सांगितलं होतं की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये असलीच मोजमापं घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची नाकं वेगळ्या वंशाची ठरत नाहीत. म्हणजे 'काळा तो आपला, गोरा तो त्यांचा' हे आपले कवी लिहितात ते रिस्लेचंच उलटं गणित आहे. काळाकुट्ट भट असतो, गोरीपान महाराची पोर असते. आणि त्या गोऱ्या पोरीला काय ऐकावं लागतं? आमच्या रिंगखात्यात एकीला तिच्या शेजारणीनं सांगितलं, 'तू वाटत नाहीस गं त्यांच्यातली.' शेजारणीनं ते कौतुक म्हणून सांगितलं होतं.

कातडीवरून जात ओळखता येत नाही, म्हणूनच ती अंगावर चढवावी लागली. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' काढून बघा. लुगड्याचे काठ दिसता कामा नयेत, ते निऱ्यांत दडवायचे, हा महारणींना नियम होता. काठ मिरवायचा हक्क वरच्या जातीच्या बायकांचा. १७८६ साली लुईझियानात स्पॅनिश गव्हर्नर मिरो यानं असाच हुकूम काढला, की स्वतंत्र काळ्या बायकांनी केस उघडे ठेवायचे नाहीत, फडक्यानं बांधायचे. कारण उघड होतं. त्या सुंदर दिसत होत्या, गोरे बघत होते. त्या बायकांनी फडकीच अशी रंगीत आणि अशा डौलात बांधली की हुकुमाचाच दागिना झाला. कुरूपता सापडत नाही तेव्हा ती कायद्यानं तयार करतात.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, ओळख पटवणारे ते गळाभर आणि हातभर दागिने उतरवा. कुणी म्हणेल, ही नक्कलच झाली, पॉलीननं जीन हार्लोचे केस बांधले तसली. मी तसं मानत नाही. पॉलीन अंधारात एकटी बसून दुसरं कुणीतरी व्हायला बघत होती. महाडच्या बायका उजेडात, सगळ्या मिळून, अंगावर लादलेली खूण काढत होत्या. त्यांना बामणीण व्हायचं नव्हतं, फक्त लांबून ओळखू यायचं नव्हतं. हा फरक मोठा आहे. पण तो आपोआप टिकत नाही. आजीनं खूण काढली आणि नातीनं ट्यूब आणली. गोरं करणारी ती क्रीम १९७५ साली बाजारात आली. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं मारल्यावर २०२० साली कंपनीनं नावातला 'फेअर' शब्द काढला. ट्यूब आहे तिथंच आहे.

आणि 'ब्लॅक इज ब्यूटिफुल'? ही घोषणा आपल्याला फार आवडते. ७ सप्टेंबर १९६८ ला अटलांटिक सिटी या एकाच गावात काय काय झालं बघा. आत मिस अमेरिका स्पर्धा, तोवर तिच्यात एकही काळी मुलगी उभी राहिलेली नव्हती. बाहेर स्त्रीमुक्तीवाल्या, बहुतेक गोऱ्या, कमरेचे पट्टे आणि उंच टाचांचे बूट कचऱ्याच्या पिंपात टाकत होत्या. आणि जवळच्याच हॉटेलात पहिली मिस ब्लॅक अमेरिका स्पर्धा, जी जिंकली सॉन्ड्रा विल्यम्सनं, आपले कुरळे केस जसेच्या तसे ठेवून. मला तिचा आनंद कळतो. जिला पंगतीतच बसू दिलं नाही तिनं ताट कसं भिरकावायचं? पण परीक्षकांची खुर्ची तशीच राहिली. निकाल बदलला, कोर्ट तेच. मॉरिसनची कादंबरी त्याच दिवसांत लिहून होत होती, आणि घोषणा देणाऱ्यांना तिनं विचारलं की हे असं ओरडून सांगायची पाळी का आली? कुणी काय केलं होतं? हा प्रश्न घोषणेच्या पुढचा आहे.

आपल्या कवितेचं काय? दहा अंक काढून बसा. काळी माय, काळी भुई, राबणारी, जखमी, जळती. बाई एक तर आई आहे नाही तर विटंबना आहे. आरशापुढं उभी असलेली, वेणी घालणारी, आपण बऱ्या दिसतो का असं स्वतःला विचारणारी पोर आपल्या कवितेत नाही. पाळी सुटल्यावर आमच्या केसांत कापसाचे धागे बसलेले असतात, विशीतल्या पोरी म्हाताऱ्या दिसतात. गेटच्या आत नळावर ओल्या हातानं ते धागे काढूनच आम्ही बाहेर पडतो. यावर ओळ लिहायला कुणाला बंदी आहे? की ते 'मध्यमवर्गीय' होतं?

काळी माय कवितेत, आणि वधूवर मेळाव्याच्या फॉर्मवर 'गोरी, उंच, पदवीधर'. फॉर्ममध्ये रंगाचा रकाना असतो. तिथं 'सावळी' लिहिलं की मुलीचा बाप हळूच खोडून 'निमगोरी' करतो. मी ते टेबलाशी बसून पाहिलं आहे, वह्या आमच्याकडंच होत्या. हॉल आपल्यापैकींनीच घेतलेला, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि स्टेजवरून बोलणारा भाऊ वर्णवर्चस्वावर बोलत होता. वधूवरांच्या वहीचा त्याच्या विषयाशी संबंध नव्हता म्हणे. मग कशाचा होता?

कादंबरीत दोष आहेत. पिकोला जवळजवळ बोलतच नाही, सगळे तिच्याबद्दल बोलतात. आणि बलात्काराचं प्रकरण बापाच्या बाजूनं इतकं समजावून दिलं आहे की वाचताना मला लेखिकेशी भांडावंसं वाटलं. पण क्लॉडियासाठी हे पुस्तक वाचाच. क्लॉडिया म्हणजे गोष्ट सांगणारी नऊ वर्षांची पोर. नाताळात तिला निळ्या डोळ्यांची मोठी बाहुली देतात. तिला ती नकोच असते. तिला पाहिजे असतं आजीच्या स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल, मांडीवर फुलं आणि आजोबांचं व्हायोलिन. कुणी विचारलेलं नसतं. सगळे हिला सुंदर का म्हणतात ते बघायला ती बाहुली उसकटते. बोटं मोडते, डोळे काढते. आत भुसा आणि आवाज करणारी पत्र्याची चकती निघते. आपल्या कुठल्याही समीक्षकानं सौंदर्याची इतकी चोख चिकित्सा केलेली नाही.

पण मॉरिसन तिथं थांबत नाही. पुढं हीच क्लॉडिया सांगते की मोठी होता होता ती शर्ली टेंपलवर प्रेम करायला शिकली, जशी अंग स्वच्छ ठेवायला शिकली तशीच. कुणी मारलं नाही, धाक दिला नाही. शिकली.