आमच्या घरातल्या वल्लींचं काय?

दलित आत्मकथनांवर मराठीत ढिगानं लिहिलं गेलंय. दाहकता, वेदना, आक्रोश, नकार, विद्रोह. शब्द ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला. पण या पुस्तकांतली माणसं हसतात, एकमेकांची टिंगल करतात, त्यांच्यात एखादा बाप चक्रम असतो, एखादी आजी इरसाल असते, याची नोंद फार थोड्यांनी घेतली. आम्हाला रडताना बघायची सवय लागलेल्या डोळ्यांना आमचं हसू दिसत नाही. कुणी म्हणेल, एवढं दु:ख समोर असताना हसण्याचं काय घेऊन बसलात? मित्रांनो, माणूस म्हणून कुणाला मोजायचं, असा हा प्रश्न आहे.

उपनगरापासूनच सुरुवात करू. मराठी विनोदाचं मोठं घराणं इथलंच. पु. ल. देशपांडे यांचं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत गेलं, पुढं पार्ल्यात. त्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आलं, १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हरितात्या, अंतू बर्वा, नारायण. कुणी हेकट, कुणी तिरसट, पण लेखकानं मायेनं जपलेले. माझं पु. लं.शी भांडण नाही. 'बलुतं' आलं तेव्हा मोठ्या मनानं त्याचं स्वागत करणाऱ्यांत ते होते. माझं भांडण वाचकाशी आहे. अंतू बर्वा तिरकस बोलला की तो वल्ली. घाटकोपरच्या झोपडपट्टीतला म्हातारा तिरकस बोलला की तो व्यवस्थेचा बळी. एकाला स्वभाव असतो, दुसऱ्याला नुसती परिस्थिती. स्वभाव हीसुद्धा इस्टेट आहे बाबांनो, आणि तिच्या वाटणीतही आम्हाला डावललंय.

याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडीत, अण्णाभाऊ साठे राहिले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातलं गणपतीचं नमन काढून तिथं मातीला आणि कष्टकऱ्याला वंदन आणलं. पण हसू काढलं नाही. सोंगाड्या ठेवला. त्याआधी भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशातही हसू होतंच. गंभीर गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची तर आधी त्यांना हसवावं लागतं, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या समीक्षेनं ते विसरून टाकलं.

आता माझ्या घरचं एक सांगतो. उदाहरण म्हणून सांगतो, कौतुक म्हणून नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बापानं घरातले देव गोळा करून खाडीत सोडले. आजीनं खंडोबाचा एक टाक तेवढा लपवला, तांदळाच्या डब्यात. सगळ्या घराला हे माहीत. कुणी बोलायचं नाही. बाप डब्यात हात घालायचा आणि म्हणायचा, "आये, या टायमाला तांदळात खडा लई मोठा घावला." आजी चुलीपुढनं न उठता म्हणायची, "आसू दे रं. शिजला की मऊ व्हईल." आई तोंड फिरवून हसायची. हे वर्षानुवर्षं चाललं. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, तुमच्या घरी कुठला देव? मी खरं तेच सांगितलं: आमच्यात देव नाही, पण डब्यात एक आहे. वर्ग हसला. घरी येऊन सांगितलं तर घर त्याहून मोठ्यानं हसलं.

आता हा प्रसंग आमच्या एखाद्या समीक्षकापुढं ठेवा. तो म्हणेल, अंधश्रद्धेचे अवशेष. दुसरा म्हणेल, धर्मांतराचं अपयश. दोघंही चुकतील. बापानं टाक फेकला नाही, आजीनं तो पुन्हा देव्हाऱ्यात मांडला नाही. एवढा मोठा धर्मबदल त्या दहा बाय दहाच्या खोलीत भांडणाशिवाय पचला तो या थट्टेमुळं. आजी गेल्यावर आईनं डबा घासायला काढला, तेव्हा आत टाक नव्हता. म्हातारीनं तो कधी काढला, कुठं टाकला, कुणी विचारलं नाही. क्रांती अशीही होते. तिची भाषणं होत नाहीत.

आमच्या पुस्तकांत हे सगळं आलेलं आहे. फक्त वाचायला हवं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८२ पासून 'स्त्री' मासिकात क्रमश: आलं, १९८६ साली पुस्तक झालं. त्यातला बाप बघा. कंत्राटदार, हात सैल, कमावलेलं दुसऱ्यांवर उधळणारा, आणि बायकोला मात्र घरात कोंडणारा. या एका माणसात दातृत्व आणि जाच दोन्ही आहे. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ सालचं. वडाळ्याच्या वस्तीतला हा बाप हट्टी आहे, भांडकुदळ आहे, आणि मुलानं त्याला स्वत:च लिहायला बसवलं. बापाची गंमत बापाच्याच तोंडून आल्यामुळं त्याला कुणी प्रदर्शनात मांडल्यासारखं वाटत नाही. ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ चं. डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजारला निघालेल्या बायका सुरुवातीलाच भेटतात, आणि त्या घाटीच्या वाटेवर एकमेकींची फिरकी घेत, शिव्या हासडत, हसत चालतात. भारा तसाच आहे. हसल्यानं तो हलका झाला असं लेखिका म्हणत नाही, आणि तीच तिची ताकद.

दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं तेव्हा आपल्याच लोकांतले काही शिकलेले म्हणाले, घरची लाज वेशीला का टांगता, उकिरडा का उकरता? नोकरीतल्या माणसाला कॉलनीत जात लपवून राहायचं होतं, त्याची भीती मी समजू शकतो. पण पवारांनी काय केलं बघा. स्वत:चे दोन माणसं केले, सांगणारा दगडू आणि ऐकणारा लेखक. पांढरपेशा झालेला दया, दगडूपुढं उघडा बसलाय. ज्याची लाज वाटते त्यालाच बोलायला लावायचं, या युक्तीतच एक तिरकी थट्टा आहे.

इथं एक धोकाही आहे, तो झाकायचा नाही. पाटलाला हसवणं हे आमच्या सोंगाड्याचं जुनं काम होतं. आज पाटलाच्या जागी सभागृहातला श्रोता बसलाय. आपल्या आईचं अशुद्ध बोलणं, बापाची दारू, काकाचा वेडेपणा यांची नक्कल करून टाळ्या मिळवणं सोपं आहे. तो विनोद नव्हे, ते बलुतंच, फक्त टाळ्यांच्या रूपात. मी एक साधी कसोटी लावतो. लिहिलेलं घरी मोठ्यानं वाचून दाखवावं. ज्याच्यावर लिहिलंय तो हसला, किंवा चिडून उलट दोन ऐकवून गेला, तर लेखन जिवंत आहे. तो मान खाली घालून गप्प बसला, तर आपण त्याला विकलंय.

आणखी एक. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला ती वस्ती म्हणजे तेवढा एक दिवस. तो दिवस विसरायचा नाहीच. पण त्या दहा जणांना आदल्या दिवशीपर्यंत खोडी होत्या, सवयी होत्या, घरातली टोपणनावं होती. आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. खोडी फक्त घरच्यांना ठाऊक आहेत. त्या लिहिल्या गेल्या नाहीत तर मारणाऱ्याचं काम आपणच पुरं करू.

म्हणून नव्यानं लिहिणाऱ्या पोरापोरींना एवढंच म्हणणं आहे. आपल्या बापाला बळी म्हणून लिहाल तर खरंच लिहाल. पण तो जेवताना मिठावरून का रुसायचा, कुणाची नक्कल करायचा, खोटं बोलताना कान का खाजवायचा, तेही लिहा. अन्याय झाला तो या माणसावर झाला. माणूसच कागदावर आला नाही, तर अन्याय कुणावर झाला हे वाचणाऱ्याला कळणार कसं?