कासवाची वाट

जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीचं तिसरं प्रकरण अवघ्या काही पानांचं आहे आणि त्यात कुणीही बोलत नाही. वाळलेल्या गवतातून एक कासव महामार्गाचा बांध चढतं. मोटारीतून येणारी एक बाई गाडी बाजूला घेऊन त्याला वाचवते. मागून येणारा ट्रकवाला मात्र मुद्दाम चाक त्याच्या रोखाने वळवतो. चाकाची कड लागून कासव भिरकावलं जातं आणि उताणं पडतं. बऱ्याच वेळाने, पायाने आधार चाचपत, ते सुलटं होतं. त्याच्या पायाशी अडकलेलं रानगवताचं कणीस तेव्हा सुटून पडतं. तीन बिया जमिनीत रुततात आणि पुढे सरकणाऱ्या कवचाने ओढलेल्या मातीखाली झाकल्या जातात.

माझ्या मते अख्खी कादंबरी या पानांत आहे. तुरुंगातून पॅरोलवर सुटलेला टॉम जोड पुढच्याच प्रकरणात हे कासव उचलतो, धाकट्या भावंडांसाठी कोटात गुंडाळून घेतो. घरी पोहोचतो तर घर ओस पडलेलं. तो कासवाला सोडून देतो आणि ते पुन्हा आपल्या मूळच्या दिशेने, नैर्ऋत्येला चालू लागतं. काही दिवसांत टॉमचं कुटुंबही ओक्लाहोमा सोडून पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागतं. ही सांगड स्टाइनबेक बोलून दाखवत नाहीत. ती वाचकाने घालायची आहे.

कादंबरीच्या ३० प्रकरणांपैकी १६ प्रकरणांत हे कुटुंब येतच नाही. त्या छोट्या प्रकरणांत असतात बिननावाची माणसं: जुन्या गाड्या विकणारे, कापूस वेचणारे, तळावर एकत्र आलेली कुटुंबं. पाचव्या प्रकरणात ट्रॅक्टर घर पाडायला येतो. चालवणारा पोरगा गावातलाच, रोजच्या तीन डॉलरसाठी राबणारा. बंदूक घेऊन उभा असलेला कूळ शेतकरी विचारतो, मग गोळी घालायची तरी कुणाला? हुकूम बँकेचा, बँकेला हुकूम पूर्वेकडून, आणि तिथेही कुणी एक माणूस जबाबदार नाही. याच प्रकरणात आधी येणाऱ्या, मालकांची माणसं आणि कुळं यांच्या संवादांना अवतरणचिन्हंही नाहीत. आवाज एकमेकांत मिसळतात आणि बोलणारा एकटा उरत नाही. टॉमच्या घरची गोष्ट पुढे आली की ती आपोआप हजारो घरांची होते.

ही रचना लेखकाच्या जगण्यातून आली. स्टाइनबेक १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या सलिनास इथे, शेतीच्या खोऱ्यात जन्मले. स्टॅनफर्डचं शिक्षण त्यांनी पदवी न घेताच सोडलं. शेतमळ्यांवर मजुरी केली. माँटेरेचे सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स हे त्यांचे जिवलग मित्र. सुटा जीव समजून घ्यायचा तर तो ज्या समूहात जगतो तो समूह पाहावा, ही दृष्टी या मैत्रीत मुरली. १९३६ साली ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी स्थलांतरित मजुरांवर लेखमाला लिहिताना ते तळांवर फिरले. १९३८च्या सुरुवातीला व्हिसेलियाच्या पुरात अडकून उपाशी पडलेली माणसं त्यांनी पाहिली. त्या संतापात त्यांनी आधी एक उपहासात्मक पुस्तक लिहिलं आणि ते स्वतःच नष्ट केलं. नंतर अवघ्या पाच महिन्यांत ही कादंबरी लिहून झाली. उपहासापाशी न थांबता ते माणसांकडे वळले, हा निर्णय मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याची साक्ष पंधराव्या प्रकरणात मिळते. ६६ क्रमांकाच्या रस्त्यावरच्या खानावळीत एक गरीब बाप दहा सेंटांची भाकर मागतो. काउंटरवरची मे आधी कुरकुरते. मग त्याच्या पोरांना पाच-पाच सेंटांच्या गोळ्या ती एका सेंटला दोन म्हणून देते. हे पाहणारे ट्रकवाले जाताना तिच्यासाठी भरघोस पैसे ठेवतात. कासवावर चाक घालणारा ट्रकवालाच आणि हेही ट्रकवालेच. माणसाच्या क्रौर्याला आणि कनवाळूपणाला स्टाइनबेक वेगवेगळे वर्ग नेमून देत नाहीत.

कासवाचं प्रतीक फार उघड आहे, कादंबरी भावनेला हात घालते, असे आक्षेप घेतले गेले. शेवटावर तर प्रकाशकानेच हरकत घेतली होती. मृत मुलाला जन्म दिलेली टॉमची बहीण रोझ ऑफ शॅरन पुरातून वाचण्यासाठी गाठलेल्या गोठ्यात एका अनोळखी, भुकेने मरायला टेकलेल्या माणसाला आपलं दूध पाजते. हा माणूस कुटुंबाच्या ओळखीचा हवा होता, अशी सूचना आली. स्टाइनबेक बधले नाहीत, आणि ते बरोबर होते. ओळख असती तर ती परतफेड झाली असती. नकळत माती ओढून बिया झाकणाऱ्या कासवापासून जाणूनबुजून परक्याला जगवणाऱ्या मुलीपर्यंत कादंबरीने केलेला प्रवास मग अर्धाच राहिला असता.

१९३९ साली पुस्तक आलं. कॅलिफोर्नियातल्या केर्न काउंटीच्या ग्रंथालयांत त्यावर बंदी घातली गेली. १९४०चा पुलित्झर त्याला मिळाला आणि १९६२ साली लेखकाला नोबेल. अन्यायावरची पुस्तकं बहुधा त्या अन्यायाबरोबरच जुनी होतात. हे पुस्तक झालं नाही, कारण स्टाइनबेकनी अन्याय करणाऱ्यांची यादी केली नाही. सगळं गमावलेल्या माणसाजवळही दुसऱ्याला देण्यासारखं काही उरतं, हे त्यांनी घटनेतून दाखवलं, आणि ते दाखवण्यासाठी कादंबरीचा घाटच बदलला.