वस्तूंसाठी आकडे, माणसांसाठी विशेषणे

संग्रहालयांवरचे मराठी लेखन गेली पंचवीसएक वर्षे मी जमेल तसे गोळा करून वाचत आलो आहे. दिवाळी अंकांतले लेख, गौरवग्रंथ, स्मरणिका, वृत्तपत्रांच्या पुरवण्या असे ते विखुरलेले आहे. या लेखनात बहुधा तीनच पात्रे भेटतात : संग्राहक, वस्तू आणि इमारत. सकाळी कुलूप काढणारा, काचा पुसणारा, नोंदवही लिहिणारा, दिवसभर दालनात उभा राहणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. दिसलाच तर शेवटच्या परिच्छेदात, ‘येथील कर्मचारीवर्गही निष्ठेने सेवा करतो’ अशा एका वाक्यापुरता. प्रस्तुत लेख त्या वाक्याविषयी आहे. संग्रहालयात काम करणारी माणसे सुखी आहेत का, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो न विचारण्यामागे आपल्या भाषेचाही हात आहे, असे मला दाखवायचे आहे.

ध्यासाचा वारसा

महाराष्ट्रातील अनेक संग्रहालये एकेका माणसाच्या वेडातून उभी राहिली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये जमवली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले. आपल्या मराठवाड्यात तेरचे शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील यांच्या. या मंडळींनी वस्तू जमवल्या नसत्या, तर सातवाहनकालीन मराठवाड्याविषयी आपण आज कितीतरी कमी जाणले असते. त्यांचे ऋण मोठेच आहे.

अडचण पुढे येते. संग्राहकाने घरदार विसरून जे केले, ते त्याचे स्वतःचे होते. वस्तू कोणती घ्यायची, कुठे ठेवायची, हे तोच ठरवत असे. संग्रह संस्थेचा किंवा शासनाचा झाला की तेच काम पगारी माणसाकडे येते. निर्णय मात्र त्याच्याकडे येत नाही. असे असताना त्यागाची अपेक्षा तशीच्या तशी त्याच्याकडे सरकते. ‘केळकरांनी आयुष्य वाहिले, तुम्ही सुट्टी कसली मागता?’ असे तोंडावर कोणी म्हणत नसेल, पण गौरवपर लेखनाचा सूर तोच असतो.

संग्रह सांभाळणे म्हणजे किती काम, याचा एक साधा हिशेब करून पाहू. केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या असतात, असे सांगितले जाते. म्हणजे साडेसतरा हजार वस्तू कोठारात. अशा आकाराच्या कोणत्याही कोठारातील प्रत्येक वस्तू वर्षातून एकदाच बाहेर काढायची, धूळ झटकायची, कसर-वाळवी पाहायची, क्रमांक पडताळायचा आणि नोंद करायची ठरवले, तर कामाचे 300 दिवस धरून रोज 58 वस्तू होतात. वस्तूमागे 10 मिनिटे धरली तर दिवसाचे साडेनऊ तास. एका माणसाने दुसरे काहीही न करता हेच केले तरी ते आठ तासांत बसत नाही. हा हिशेब त्या संस्थेच्या कारभारावर टीका म्हणून मांडलेला नाही. ‘अमूल्य ठेवा’ या दोन शब्दांमागे किती हात लागतात, हे कळावे एवढ्यासाठी तो दिला.

पन्नास लक्सचा उजेड

संग्रहशास्त्राची पुस्तके वाचू लागलो तेव्हा तिथल्या नेमकेपणाने मी भारावलो होतो. कापड, कागद, लघुचित्रे यांच्यावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये. तैलचित्राला साधारण 150 ते 200 चालतो. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी. एकदम चढउतार झाला तर लाकूड तडकते, हस्तिदंत भेगाळते. प्रत्येक गोष्टीला आकडा आहे, मोजायला यंत्र आहे.

आता त्याच दालनात आठ तास उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. 50 लक्स म्हणजे धड वर्तमानपत्र वाचता येणार नाही असा अंधुक उजेड. लघुचित्रासाठी तो योग्यच, पण त्यात बसणाऱ्याच्या डोळ्यांचे काय, याचा आकडा त्या पुस्तकांत मला सापडला नाही. वाळवी-कसरीसाठी पूर्वी वापरलेल्या औषधांचेही तसेच. जुन्या काळी पेंढा भरलेल्या प्राण्यांना जगभर आर्सेनिक लावले जात असे. पुढे डीडीटी आले. वस्तू टिकली. ती पुसणाऱ्या हातांना मोजे होते का, हे नोंदवहीत लिहिण्याची पद्धत नव्हती.

येथे जालनेकराला एक तुलना सहज सुचावी. आपल्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणारे कारखाने आहेत. तिथला कामगार सुखात आहे असे कोणी म्हणणार नाही. भट्टीजवळची धग ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. तरी 1948 च्या कारखाने अधिनियमाने त्याचा विचार कलमवार केला होता : कलम 13 हवा व तापमान, कलम 17 उजेड, कलम 18 पिण्याचे पाणी आणि कलम 44 बसण्याची सोय. ज्यांना उभे राहून काम करावे लागते, त्यांना मधल्या वेळात टेकता यावे म्हणून बसण्याची व्यवस्था हवी, असे ते कलम सांगते. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला, तो साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यानंतर. कायदा आणि शेड यांत अंतर असते, हे मान्य. पण कारखान्यातल्या माणसाला निदान कलम दाखवता येते. संग्रहालयातल्या माणसाला आपण ‘वारशाचा रक्षक’ ही पदवी देतो आणि स्टूल द्यायचे विसरतो.

रिकामा दिवस

मराठवाड्यातल्या एका संग्रहालयात कंत्राटावर काम करणाऱ्या एका सुरक्षारक्षकाला मी विचारले होते, ‘दादा, कंटाळा येत नाही का?’ तो म्हणाला, ‘कंटाळ्याचं काय नाही साहेब. पण लोक विचारतात हे काय आहे, आन् मला सांगता येत नाही. सांगू पण नका म्हणतात.’ कामाचा ताण नसणे म्हणजे सुख, ही समजूत इथे गळून पडते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेली एक मीमांसा यावर प्रकाश टाकते. कामाचे दडपण किती आणि स्वतः ठरवण्याची मुभा किती, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात, असे त्यांचे म्हणणे. दडपण जास्त आणि मुभा कमी, तिथे मनावर ताण सर्वाधिक. पण दडपणही कमी आणि मुभाही कमी, अशी कामे वरून आरामाची दिसली तरी माणसाला हळूहळू निष्क्रिय करतात. असलेले कौशल्यही गंजते. दालनातल्या रक्षकाचे काम बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात बसते. अभिरक्षकाचे पहिल्या प्रकारात. त्याच्याकडे संग्रह, पाहुण्यांची सरबराई, निविदा, माहिती अधिकाराचे अर्ज आणि रिकाम्या पदांचा अतिरिक्त कार्यभार, सारे एकदम येते. निर्णय मात्र वरून यावा लागतो. एकाच इमारतीत एक माणूस रिकामपणाने खचतो आणि दुसरा ओझ्याने.

यावर उपाय नसतो असे नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने 2022 मध्ये आपल्या 17 सुरक्षारक्षकांना एक प्रदर्शन रचायला दिले. कोणती चित्रे निवडायची, का निवडायची, शेजारी काय लिहायचे, हे त्यांनी ठरवले. वर्षानुवर्षे रोज त्याच चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची नजर अभ्यासकापेक्षा वेगळे काही पाहते, हे तिथे मान्य झाले. एका प्रदर्शनाने पगार वाढत नाही, हेही खरे. पण त्याला ‘सांगू नका’ म्हणण्याऐवजी ‘सांगा’ म्हणायला पैसाही लागत नाही.

पावित्र्याची किंमत

फोबाझी एटार या अमेरिकन ग्रंथपाल-लेखिकेने 2018 मध्ये ग्रंथालयांविषयी एक लेख लिहिला. ग्रंथालय पवित्र, म्हणून तिथले काम पवित्र, म्हणून त्यावर टीका किंवा मागणी करणे जवळजवळ पाप. या भावनेमुळेच ग्रंथपाल कमी पगारात राबतात आणि थकतात, असा तिचा मुद्दा आहे. आपल्याकडे या भावनेला वेगळे नाव द्यायची गरजच नाही. ‘सेवा’ हा शब्द आहे. संतांच्या भूमीत त्याला वजन आहे. पण जो शब्द माणसाने स्वतःविषयी विनयाने वापरावा, तो मालकाने नोकराविषयी वापरला की त्याचा अर्थ बदलतो. मग कंत्राटदाराने पगार दोन महिने अडवला तरी ‘सेवेत खंड नको’ असे ऐकवता येते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही या मौनाला सूट नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 24 ऑगस्ट 2022 रोजी प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तीत समाज आहे, समावेशकता आहे, शाश्वतता आहे, लोकसमूहांचा सहभाग आहे, पाहणाऱ्याचा आनंदही आहे. तिथे काम करणारा मात्र ‘व्यावसायिक रीतीने’ या क्रियाविशेषणात लपला आहे. त्याची आठवण करून द्यायला 16 जून 2025 रोजी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे कर्मचारी अचानक काम थांबवून बसले. गर्दी आणि अपुरे मनुष्यबळ हे त्यांचे गाऱ्हाणे होते. जगातले सर्वाधिक पाहिले जाणारे संग्रहालय काही तास उघडलेच नाही.

आपल्याकडे 2013 मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी स्मारके आणि पुराणवस्तूंच्या जतनाविषयी अहवाल दिला. पाहणी केलेल्या स्मारकांपैकी 92 जागेवर नाहीत, ही त्यातली बातमी गाजली. त्याच अहवालात मनुष्यबळाच्या तुटवड्यावर बोट ठेवले होते. ती पाने फारशी कोणी उलगडली नाहीत. हरवलेली वस्तू बातमी होते, न भरलेले पद होत नाही. दोहोंचा संबंध मात्र उघड आहे.

याउलट आता कार्यालयीन ‘आनंदा’ची नवी लाट आली आहे. योगसत्र, ताणमुक्तीचे व्याख्यान, प्रमाणपत्र, सामूहिक छायाचित्र. योगाला माझा विरोध नाही. पण ज्याची नेमणूक अकरा महिन्यांची आहे, त्याला खोल श्वास घ्यायला शिकवून बाराव्या महिन्याची चिंता जात नाही. सुखाचा प्रश्न मनाच्या खात्यात टाकला की तो आस्थापनेच्या खात्यातून आपोआप वजा होतो.

एक आक्षेप मला अनेकदा ऐकावा लागतो. मराठवाड्यात पोरे नोकरीसाठी वणवण फिरतात; ज्याला नोकरी आहे त्याच्या आनंदाची चर्चा ही चैन नव्हे काय? आक्षेपातली वेदना खरी आहे. पण त्याच न्यायाने पाण्याचा टँकर येतो म्हणून पाण्याच्या शुद्धतेविषयी बोलू नये, असे म्हणावे लागेल. शिवाय इथे नुकसान त्या एका माणसाचे नसते. नोंद करणारा टिकला नाही की नोंदवही अर्धवट राहते. वस्तू कुठून आली हे सांगणारा शेवटचा माणूस गेला की वस्तू मुकी होते.

भोकरदनचे काय?

हा विषय जालना जिल्ह्याला परका नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी 1973 मध्ये तिथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तिथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पॉम्पेई येथे 1938 मध्ये सापडलेल्या भारतीय मूर्तीशी आहे. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या शहराशी आपल्या एका तालुक्याच्या गावाचा असा धागा जुळतो.

अशा जिल्ह्याचे स्वतःचे चांगले संग्रहालय असावे, असे माझ्यासारख्या अनेकांना वाटते. ते जेव्हा होईल, तेव्हा आराखड्यात इमारत, काचपेट्या, प्रकाशयोजना यांचे आकडे असतीलच. त्यांच्या शेजारी आणखी चार आकडे मागावेत, असे मी सुचवतो. मंजूर पदे किती आणि त्यांतली कायम किती. उभ्याने काम करणाऱ्या किती जणांना बसायची जागा आहे. वर्षातून किती दिवस त्यांना शिकायला मिळते. आणि दालनातल्या माणसाने केलेल्या किती सूचना नोंदवहीत लिहिल्या गेल्या व त्यांपैकी किती मानल्या गेल्या. ‘तुम्ही आनंदी आहात का’ असे विचारणारा कागद फिरवण्यापेक्षा हे चार आकडे अधिक सांगतील. ते मोजता येतात, दरवर्षी ताडून पाहता येतात आणि माहिती अधिकारात मागताही येतात.

चौथा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. तिची माती लोक घराच्या भिंतींना आणि माळवदाला वापरत आले. माती खणताना मणी, नाणी, खापरे हाती येत. कोणत्या शेतात काय निघाले, हे ज्याच्या आजोबांना माहीत होते, असा एखादा गावचा मुलगा उद्या त्या संग्रहालयाच्या दारात गणवेश घालून उभा असेल. त्याला काय माहीत आहे हे कोणी विचारले, ते लिहून घेतले आणि त्याखाली त्याचे नाव घातले, तर त्याचा दिवस बरा जाईल. आणि संग्रहालयाच्या नोंदवहीत एक ओळ अशी येईल, जी दुसऱ्या कोणाला लिहिता आली नसती.