ट्यूबलाइट, ढिला स्क्रू आणि पोकायोके

कोणाला मूर्ख म्हणायचं तर मराठीत शब्दांची ददात नाही. कोल्हापूरकडचा माणूस ‘खुळं’ म्हणेल, विदर्भातला ‘बयताड’, मराठवाड्यातला ‘याडं’ आणि पुण्यातला नाक किंचित वर करून ‘बावळट’. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हे सगळे एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे असतात. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. दर खेपेला नव्या मुलखाची माणसं आली आणि आपापली शिवी घेऊन आली. या सगळ्यांत समाईक चालतात ते दोन शब्द मात्र इंग्रजी आहेत : ट्यूबलाइट आणि स्क्रू. ते इथेच जन्मले असं नव्हे. पण जितके इथे शोभतात तितके दुसरीकडे क्वचितच.

चहाच्या सुट्टीत विनोद होतो. चौघे हसतात, कप कचऱ्यात जातात, हूटर होतो आणि लाइनकडे चालता चालता पाचवा एकदम हसू लागतो. ‘पेटली रे ट्यूब!’ चोक-स्टार्टरची जुनी ट्यूब आठवा. बटण दाबलं की दोन्ही टोकं तांबूस होणार, स्टार्टर टिकटिकणार, दोन-तीनदा लुकलुक होणार आणि मग लख्ख उजेड. या शब्दाची सगळी गंमत त्या ‘मग’मध्ये आहे. समोरच्याकडे उजेडच नाही, असं तो म्हणत नाही. उजेड येईल, जरा दम धरा, एवढंच म्हणतो. म्हणून ट्यूबलाइट म्हटलेला माणूसही हसतो. आता एलईडी दाबल्या क्षणी लागतात, तरी शब्द टिकून आहे, कारण उशिरा समजणारी माणसं काही बदललेली नाहीत.

‘स्क्रू ढिला’ थोडा जास्त टोचतो. त्यातही एक सोय आहे. गाडीच्या प्रत्येक बोल्टची घट्टाई या कारखान्यांत न्यूटन-मीटरमध्ये ठरलेली असते. टॉर्क रेंच ‘कट्’ असा आवाज करते, मग ऑपरेटर बोल्टवर मार्करचा ठिपका देतो. अशा ठिकाणी ढिला स्क्रू हा रोग नव्हे, राहून गेलेलं काम आहे. पुन्हा आवळला की भागलं. शॉपफ्लोअरच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस रिवर्कला आहे, भंगारात नाही.

केबिनमधून येणारा ‘इडियट’ मात्र वेगळ्या जातीचा. त्याला दुरुस्ती मान्य नाही. एके काळी तो शिवी नव्हताच, कागदोपत्री शिक्का होता. 1910 मध्ये हेन्री गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बौद्धिक वयाप्रमाणे माणसांच्या पायऱ्या लावल्या : सर्वांत खाली इडियट, मग इम्बेसिल आणि वर मोरॉन. आपल्याकडे 1912 च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टच्या व्याख्येतही ‘इडियट’ बसला होता आणि 1987 चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत तो हलला नाही. कागदावरचं ते थंडपण शब्दाच्या अंगात मुरलेलं आहे. तो माणसालाच लागतो, त्याच्या चुकीला नाही.

समर्थांनी हा फरक सतराव्या शतकात ओळखला होता. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. त्यात मूर्खाचं डोकं कुणी मोजत नाही, त्याची करणी दाखवली जाते : विनाकारण हसणारा, स्वतःची तारीफ स्वतःच करणारा, दोघं बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा. वाचताना प्रत्येकाला कुठल्या तरी ओवीत आपण सापडतो. करणीच असल्यामुळे ती सोडताही येते.

हाच विचार चाकणच्या भिंतींवर जपानी वेषात टांगलेला आहे. पोकायोके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती! इंग्रजीतला शब्द ‘फूलप्रूफ’, म्हणजे मूर्खालाही बिघडवता येणार नाही असा. जपानीतही आधी ‘बाका-योके’च म्हणत, बाका म्हणजे मूर्ख. 1963 मध्ये अराकावा ऑटो बॉडीच्या कारखान्यात असं एक साधन बसवलं, तेव्हा आपल्याला मूर्ख ठरवलं म्हणून एका कामगार बाईला रडू कोसळलं. तेव्हा जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी ‘बाका’ काढून ‘पोका’ घातला. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक, पटावर पडलेली चुकीची खेळी. एका अक्षराच्या फेराने मूर्ख गेला आणि चूक उरली. शॉपफ्लोअरवर त्याचा अर्थ अगदी साधा : फिक्श्चरमध्ये एक पिन अशा जागी द्यायची की डाव्या बाजूचा ब्रॅकेट उजव्या बाजूला बसणारच नाही. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला डोळे मिटू लागलेल्या ट्रेनीला ही पिन काही बोलत नाही, फक्त अडवते.

अर्थात पिनही झिजते, सेन्सरही दगा देतो. म्हणून पाळी सुरू होताना ऑपरेटर मुद्दाम चुकीचा पार्ट लावून बघतो. मशीन अडलं तर पोकायोके शाबूत. निमूट पुढे गेलं तर लाइन थांबवायची आणि क्वालिटीवाल्याला बोलवायचं. वेड पांघरून पेडगावला जाणं ही आपल्याकडची जुनी चतुराई. इथे ती चेकशीटवर आली आहे : दर पाळीला कोणीतरी पहिली दोन मिनिटं शहाणपणाने मूर्ख व्हायचं, आणि रकान्यात सही करायची.