दया आणि कीव

‘मला कुणाची दया नको,’ असे हल्ली स्वाभिमानी माणूस सहज बोलून जातो. ते ऐकून मला त्याचा राग येत नाही, आम्हा कीर्तनकारांचा येतो. हा एवढा थोर शब्द आम्हीच लहान केला. दया म्हणजे भुकेल्याला घास, उघड्याला जुने वस्त्र, असे निरूपण करीत आम्ही गावोगाव हिंडलो. ती कीव झाली.

माउलींनी सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे 26 गुण उलगडले आहेत. त्यांतले दयेचे दृष्टांत पुन्हा सावकाश वाचा. काटा पायात रुततो आणि कळ जिवाला लागते. गारवा पायाला मिळतो आणि निवतात डोळे. (तळपायाला काशाची वाटी घासून घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) आता डोळ्याने पायावर उपकार केला, असे कोणी म्हणेल का? पाण्याचेही तसेच. वाटेतला खळगा भरल्यावाचून ते पुढे सरत नाही. मी वर्षानुवर्षे तेथे पाण्याचे औदार्य वर्णन केले. औदार्य कसले, तो त्याचा स्वभावच!

तुकोबाराय तर आपल्याला पुरतेच पेचात धरतात. पोटच्या मुलावर करावी तीच दया दासदासींवर करावी, असे ते म्हणतात. पण मुलावर कोणी ‘दया’ करतो का? शब्द तेथे आपल्या कानाला खटकतो. तुकोबारायांना तो खटकला नाही. मधल्या काळात अर्थ किती घसरला, ते यावरून ओळखा. दुसऱ्या एका अभंगात तर दुर्जनांचा बंदोबस्तही ते दयेतच मोजतात. कीव कधी कोणाशी भांडायला उठत नाही.

एका गावच्या सप्ताहात मी दासदासींचा तोच अभंग सेवेला घेतला होता. निरूपण रंगले. शेवटी मंदिर झाडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना पुढे बोलावून मला मिळालेली शाल मी त्यांना पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई हळूच म्हणाल्या, “महाराज, शाल राहू द्या. माझे तीन महिन्यांचे पैसे तेवढे देववा.”

मी पंचांकडे पाहिले. पंच दुसरीकडे पाहू लागले. एसटीची वेळ झाली होती, मी बिदागीचे पाकीट घेऊन निघालो.

पुढे तो अभंग मी पुष्कळदा म्हटला, पण ही हकीकत कधी सांगितली नाही. आता सांगावीशी वाटते, तर आवाज राहिलेला नाही, म्हणून लिहिली.