द्वैभाषिक कवी आणि आपलेपणाची कसोटी

दोन भाषांतून लिहिणारा कवी नेमका कोणत्या संस्कृतीचा मानावयाचा, हा प्रश्न मराठी समीक्षेत पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. घराची भाषा एक, शिक्षणाची दुसरी आणि व्यवसायाची तिसरी अशी ज्यांची स्थिती आहे, त्या असंख्य मराठी भाषकांनाही आज तो टाळता येत नाही. अरुण कोलटकरांच्या काव्याच्या आधारे त्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात भाषा, भूमी आणि साहित्य यांचे नाते अतूट मानलेले आहे. या भूमिकेतूनच कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी काव्यावर त्यांनी पर्यटकी दृष्टीचा आक्षेप घेतला. खंडोबा हे महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत. त्याच्या क्षेत्राचे वर्णन इंग्रजीत व्हावे आणि त्यास १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळावा, यात काही विसंगती आहे, असे वाटणे स्वाभाविक होय. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र भाषेची निवड हाच आपलेपणाचा पुरावा, हे त्यामागील गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

‘जेजुरी’च्या (१९७६) पहिल्याच कवितेत एस. टी. बसमधील प्रवाशाचा निर्देश इंग्रजीतील मध्यम पुरुषाने केलेला आहे. हे सर्वनाम तेथे कोणा विशिष्ट व्यक्तीस उद्देशून येत नाही. ते कोणासही लागू पडते. मराठीत या अर्थी सहजपणे येणारा शब्द म्हणजे ‘आपण’. परंतु ‘आपण’ हे श्रोत्यास सामावून घेणारे सर्वनाम आहे. ‘आम्ही’ त्यास वगळते. इंग्रजीत हा भेद नाही. या काव्यातील प्रवासी देवळाच्या उंबरठ्यापाशी घुटमळतो, आत मात्र श्रद्धेने शिरू शकत नाही. ‘आपण’ म्हणताच वाचक आणि कवी हे दोघेही यात्रेकरूंच्या मेळ्यात जमा झाले असते आणि ज्या अंतराचे हे काव्य आहे, ते अंतरच पुसले गेले असते. पन्नास पैशांसाठी मागे लागलेल्या म्हातारीपुढे हा प्रवासी अखेर स्वतःच क्षुद्र ठरतो. तेव्हा पर्यटकी दृष्टी या काव्यात आहे, हे खरे. पण काव्य त्या दृष्टीचेच परीक्षण करते. कवीच्या निधनानंतर ‘जेजुरी’चे मराठी रूपही प्रसिद्ध झाले असल्याने ही तुलना आता अभ्यासकांना प्रत्यक्ष करता येण्याजोगी आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘भिजकी वही’चे (२००३). हायपेशिया, कॅसांड्रा, राबिया, कण्णगी, नादेझ्दा, व्हिएतनाममधील किम अशा देशोदेशींच्या स्त्रियांचे दुःख येथे मराठीत अवतरते. या संग्रहास २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यातील मराठी ही परका विषय कसाबसा पेलणारी अनुवादाची भाषा नव्हे. ती बोलीच्या लयीवर उभी आहे. अलेक्झांड्रियाची विदुषी आणि तमिळ महाकाव्याची नायिका एकाच वहीत, एकाच अधिकाराने नांदतात. घरचे दैवत परभाषेत आणि परक्यांचे अश्रू मायबोलीत, अशी ही अदलाबदल आहे.

यावरून इंग्रजीत लिहिणारा प्रत्येक लेखक आपल्या मातीशी एकनिष्ठ असतो, असा निष्कर्ष काढणे अर्थातच चुकीचे होईल. स्वतःचे तुटलेपण लपवून परक्या वाचकासाठी प्रदेशाचे प्रदर्शन मांडणारे लेखन विपुल आहे आणि त्यास नेमाडे यांचा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. परंतु मराठीत लिहिले म्हणून तो दोष आपोआप टळतो, असेही नाही. आपण जेथे उभे आहोत तेथून आपले माणूस किती दूर आहे, हे त्या लेखनाला ठाऊक आहे काय, ही कसोटी अधिक कठोर आहे. आणि ती दोन्ही भाषांतील लेखनास सारखीच लावता येते.